बिस्तरा हॉटेलात दोन इहिणी

पेडगावच्या दगडाबाईला लेकीनं परभणीला जेवायला बोलावलं, तेव्हा तिनं फोनवर आधी एकच गोष्ट विचारून घेतली. "कोण कोण येणार हाय?"

"आपलीच माणसं," भक्ती म्हणाली.

दगडाबाईच्या लेखी आपली माणसं म्हणजे लेक, जावई महारुद्र आणि शेजारच्याच घरात राहणारा भाऊ लिंबाजी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. इहीण काही आपल्या माणसांत मोडत नव्हती. राणीसावरगावची कौसाबाई, म्हणजे महारुद्रची आई, तिचं नुसतं नाव निघालं तरी दगडाबाई हातातलं काम टाकून उठायची. आणि त्याला कारणही तसंच होतं.

तीन वर्षांमागं भक्तीचं लग्न पेडगावात झालं. जेवणाची सगळी भिस्त लिंबाजीवर होती. गावात कुणाच्याही घरी कार्य असो, चुलवणापाशी लिंबाजी उभा असला की घरधनी बिनघोर असायचा. भाचीच्या लग्नात तर त्यानं बालुशाही स्वतःच्या डोळ्यांदेखत तळून घेतली होती. वऱ्हाडाची पंगत बसली. नवरदेवाच्या आईच्या पानाभोवती रांगोळी, पानापुढं उदबत्ती. कौसाबाईनं बालुशाहीचा एक घास घेतला, तोंडाला पदर लावला आणि भरल्या पानावरून उठून तडक मांडवाबाहेर गेली. तिच्यामागं तिचे मालक भगवानराव उठले, भगवानरावांमागं भावकी उठली, आणि दुपार कलायच्या आत वऱ्हाडाच्या गाड्या नवरीला घेऊन रस्त्याला लागल्या.

काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. मग गावानंच आपापल्या परीनं सांगितलं. कुणी म्हणालं वरणात मीठ जास्त झालं. कुणी म्हणालं बालुशाहीत केस निघाला. कुणी म्हणालं, नवरदेवाच्या आईच्या आधी दुसऱ्याच बाईच्या गिलासात पाणी पडलं. दगडाबाईनं सगळा राग लिंबाजीवर काढला. चारचौघांत त्याला वाटेल ते बोलली. लिंबाजी एक शब्द उलटून बोलला नाही, पण त्या दिवसापासून तो कुणाच्या चुलवणापाशी गेला नाही. बहिणीशी बोलणं चालू होतं, शेतातली कामं दोघं मिळूनच करायची, पण तिच्या घरच्या गोडाला तो हात लावायचा नाही. पुढं संक्रांतीला कौसाबाईनं सुनेबरोबर इहिणीसाठी लुगडं पाठवलं. दगडाबाईनं घडी न मोडता ते परत पाठवलं.

या सगळ्यात बेजार झाली ती भक्ती आणि महारुद्र. दोघं परभणीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. महारुद्र ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानात कामाला, भक्ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये. एक आई घरी असली की दुसरी यायची नाही. एकीची गाडी स्टँडात लागायच्या आत दुसरीला गाडीत बसवून द्यायचं, असा सगळा कारभार. शेवटी दोघांनी ठरवलं, या दोघींना एका ठिकाणी बसवायचंच. पण बसवायचं कुठं? घरी जेवायला बोलवावं तर भक्तीच्या हाताला चव तिच्या आईची, म्हणजे नाव ठेवायला कौसाबाई मोकळी. थाळीच्या हॉटेलात न्यावं तर आधी कुणाला वाढलं यावरून पुन्हा मांडव पेटायचा.

महारुद्र म्हणाला, "असं काहीतरी पायजे जे दोघींनी जन्मात खाल्लं न्हाई. मग मान कशात अन् अपमान कशात हे दोघींनाबी कळणार न्हाई."

म्हणून त्यांनी बिस्तरा हॉटेल निवडलं.

हॉटेलचं खरं नाव बिस्त्रो, म्हणजे फ्रेंचमध्ये छोटी खाणावळ. मालक आदिनाथ, मूळचा जिंतूरचा. बरीच वर्षं तो पुद्दुचेरीला फ्रेंच जेवण करणाऱ्यांच्या हाताखाली होता. वडील थकले म्हणून परत आला आणि वसमत रोडला एका गादीवाल्याच्या दुकानाशेजारी गाळा घेऊन हॉटेल काढलं. दारावर मोठ्या अक्षरात 'बिस्त्रो' अशी पाटी लावली. लोकांनी ती 'बिस्तरा' अशी वाचली. पहिले काही महिने आत डोकावणारी निम्मी माणसं रजईचा भाव विचारायची. मग दुपारचं जेवण त्यानं स्वस्तात ठेवलं आणि कॉलेजची पोरं यायला लागली. ती त्याला फ्रेंच राइस प्लेट म्हणायची. त्यात भात नव्हता ही गोष्ट वेगळी.

दगडाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती चांगलं इरकली नेसून आली, भक्तीबरोबर आत शिरली, चपला टेबलाखाली काढल्या आणि खुर्चीवर ऐसपैस मांडी घालून बसली. माघ लागला होता, पण दुपारचं ऊन चांगलंच तापत होतं. आत गार होतं. भिंतीला पिवळा रंग, टेबलावर चौकड्यांचं कापड, आणि कांदा परतल्याचा असा वास की तिला न्याहारी करून आल्याचा पस्तावा झाला.

"जावई कुठं हायेत?" तिनं विचारलं.

"यायलेत," भक्ती म्हणाली आणि उगीच टेबलावरचं मीठ सरळ करू लागली.

तेवढ्यात दार उघडलं. महारुद्र आत आला, आणि त्याच्यामागं डोक्यावरचा पदर सावरत कौसाबाई.

दोघींची नजरानजर झाली. कौसाबाई दारातच थांबली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, अंगानं बारीक. ती पोराला म्हणाली, "तू तर मला डोळे तपासायला न्यायलास ना रे?"

"दवाखाना चारला उघडतो आई," महारुद्र जमिनीकडं बघत म्हणाला. "तोवर दोन घास खाऊ."

दगडाबाई लेकीकडं वळली. "हीच का गं आपली माणसं?"

ती उठायलाच निघाली होती. पण मांडी सोडली, तर चपला सापडेनात. एक पायाला लागली, दुसरी कुठं तरी आत सरकली होती. ती खाली वाकून पायानं चाचपडत होती तोवर महारुद्रनं आईला समोरच्या खुर्चीवर बसवलंसुद्धा, आणि आदिनाथ वाफाळते चार वाडगे घेऊन टेबलापाशी आला.

"सांभाळून, वाडगा लय गरम हाय," तो म्हणाला आणि एकेक वाडगा प्रत्येकापुढं ठेवत गेला.

दगडाबाईपुढं अन्न आलं. आणि इथंच ती अडकली. गेली तीन वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत आली होती, की भरल्या पानावरून उठावं असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? अन्नाचा असा अपमान कुणी करतं का? आता तिचंच पान भरलं होतं. वाडग्यातून वाफ निघत होती आणि समोर कौसाबाई हाताची घडी घालून, ही बया काय करते ते बघत होती.

दगडाबाईनं सापडलेली चप्पलही सोडून दिली आणि पुन्हा मांडी घातली.

"काय हाय हे?" तिनं आदिनाथला विचारलं.

"कांद्याचं सूप. कांदा मंद जाळावर लोण्यात परतलाय. वर पावाचा तुकडा आणि चीज. अंडं, मास काही न्हाई यात. माळकरी माणूस हाय असं महारुद्रभाऊंनी आधीच सांगितलं होतं."

दगडाबाईनं चमचा बुडवला. चीजची तार चमच्याबरोबर वर वर येत गेली, तुटेचना. शेवटी तिनं ती बोटानं तोडली. चव घेतली. कांद्याचा गोडवा होता, मिरचीचा पत्ता नव्हता, तरी जिभेला बरं वाटत होतं. तिनं आणखी एक चमचा घेतला आणि चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून खिडकीबाहेर बघितलं.

चौघांचे वाडगे रिकामे झाले. आदिनाथ आला, वाडगे उचलून घेऊन गेला, आणि टेबल मोकळं झालं.

"संपलं?" दगडाबाईनं विचारलं.

"न्हाई माय, हे एकेक करून देतेत," भक्ती म्हणाली. "एक झालं की मग दुसरं करायला घेतेत."

"म्हंजी तोवर नुसतं बसायचं?"

"हो."

पंगतीत कसं, पान समोर असतं, माणसाला बघायला काहीतरी असतं. वाढपी फिरत असतात, घ्या घ्या, बस बस चाललेलं असतं. इथं चौकड्यांचं कापड आणि पलीकडं इहीण. दगडाबाईनं कापडाच्या चौकड्या बघून घेतल्या. कौसाबाईनं माळेतला एक मणी बोटांत फिरवला. मधेच महारुद्र ठिबकच्या नळ्यांबद्दल काहीतरी बोलला, ते कुणी ऐकलं नाही.

शेवटी कौसाबाई सुनेला म्हणाली, "भक्ती, तुझ्या आईला विचार, पेडगावाकडं हरभरा कसा हाय यंदा."

दगडाबाई लेकीला म्हणाली, "सांग तुझ्या सासूला, घाटे बरे धरलेत. पण डुकरं झोपू देईनात."

"आमच्याकडं तर डुकरांनी ज्वारी आडवी केली, सांग," कौसाबाई म्हणाली.

"काय उपाय करायलेत, विचार."

"जुनी लुगडी बांधावर बांधलीत. रंगीत. डुकरं बिचकतेत म्हणतेत. आमच्याकडली न्हाई बिचकत. त्यांच्या घरी लुगडी असत्याल."

दगडाबाईला हसू आलं. तिनं ते खोकल्यात घालवलं. भक्ती दोघींच्या मधोमध बसून मान इकडून तिकडं फिरवत होती. हळूहळू दोघी तिच्या डोक्यावरून बोलू लागल्या, आणि 'सांग' आणि 'विचार' कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. कापूस वेचायला बायका मिळत नाहीत. सोयाबीनच्या भावाचं यंदा काही खरं नाही. महारुद्र लहानपणी भेंडी खायचा नाही, आणि आता बायकोनं केली की मुकाट खातो. हे शेवटचं कौसाबाई म्हणाली, आणि त्यावर दगडाबाई म्हणाली की भेंडी चिकट न होऊ देता करणं सोपं नसतं. भक्तीनं महारुद्रकडं बघितलं. महारुद्रनं टेबलाखाली तिचा हात दाबला.

मग दुसरं आलं. वांगं, टमाटं, ढोबळी मिरची आणि दोडका यांच्या पातळ चकत्या गोलात रचून शिजवलेल्या. बाजूला दुधात भाजलेले बटाट्याचे थर. आणि मधे टोपलीत एक लांबलचक पाव, तिरका कापलेला.

"हा पाव मी स्वतः भाजतो," आदिनाथ म्हणाला. "वरून कडक असतो, आतून मऊ. असाच खायचा असतो."

दगडाबाईनं एक तुकडा उचलला. दाताखाली असा कुरकुरला की शेजारच्या टेबलावरची पोरगी वळून बघायला लागली. तिला तो आवडला. वांग्याचा रस त्यात मुरवून खाल्ला तर आणखी आवडला. कौसाबाई मात्र नुसती भाजी खात होती. टोपलीकडं तिचा हात जात नव्हता.

दगडाबाईनं ते पाहिलं. सूप पोटात होतं, डुकरांची गोष्ट ताजी होती, मन जरा सैल झालं होतं. आणि कितीही झालं तरी समोरच्या माणसानं संकोचानं कमी खावं हे तिच्या स्वभावाला मानवणारं नव्हतं. तिनं टोपली उचलून सरळ कौसाबाईपुढं धरली.

"घ्या की इहीनबाई," ती म्हणाली.

तीन वर्षांनंतर तिच्या तोंडून आलेला तो पहिला 'इहीनबाई'. कौसाबाईनं टोपलीकडं बघितलं, मग दगडाबाईकडं बघितलं. नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं एक तुकडा घेतला, जरा थांबली आणि चावला.

पुढच्या क्षणी तिनं तोंडाला पदर लावला आणि खुर्ची मागं सारून उठली.

तोच पदर, तेच उठणं. दगडाबाईच्या अंगातून जाळ निघाला. मांडवात त्या दिवशी ती खांबापाशी नुसती उभी राहिली होती. तोंडातून शब्द फुटला नव्हता, पाय हलला नव्हता. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता. आज ती उभी राहणार नव्हती. अनवाणीच ती कौसाबाईमागं निघाली. भक्ती "माय, माय" करत राहिली.

कौसाबाई दाराकडं गेलीच नाही. मागच्या बाजूला पडद्याआड हात धुवायची जागा होती, तिकडं गेली. दगडाबाईनं पडदा सारला आणि बोलायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

कौसाबाई बेसिनवर वाकून उभी होती. नळ चालू होता आणि तिच्या हातात दातांची आख्खी कवळी होती. पावाचा एक कण तिच्यात अडकून बसला होता, तो ती नखानं काढत होती. आरशात तिचा चेहरा निराळाच दिसत होता. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली, एकदम म्हातारी.

दोघी आरशातून एकमेकींकडं बघत राहिल्या. पाणी वाहत होतं.

दगडाबाईनं आधी काय केलं असेल, तर मागं वळून पडदा नीट ओढून घेतला.

कौसाबाईनं कवळी धुतली, बसवली, दाबून बघितली. मग म्हणाली, "त्या दिवशीबी हेच झालतं."

"कवा?"

"मांडवात. लग्नासाठीच बसवून घेतलते नवे दात. पोराच्या लग्नात बोळक्या तोंडानं कसं मिरवावं. बसून आठ दिवस झाले नव्हते. बालुशाहीचा घास घेतला अन् खालची कवळी जाग्यावरनं निसटली. आता समोर सगळी पंगत, बाजूला माझ्या जावा बसलेल्या. त्यांना तर निमित्तच पायजे होतं. मी पदर लावला अन् पळाले."

"मग सांगायचं ना मागनं."

"सांगणार होते. हापशावर जाऊन दात धुवून परत येते तोवर आमचे मालक बाहेर येऊन वरडायलेले. कुणी अपमान केला, काय वाढलं हिला. भावकी जमली. मी म्हणले, अहो काही न्हाई झालं. ते म्हणले, तू भिऊ नको, तू गप बस. मी गप बसले. मग गाड्याच चालू झाल्या. तेवढ्या माणसांत म्हणू का मी, की थांबा, दात पडलते माझे?"

दगडाबाईला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिच्या डोळ्यापुढं लिंबाजी आला, चुलवणापाशी मान खाली घालून उभा.

"तीन वर्सं झाली इहीनबाई," ती म्हणाली. "तीन वर्सं मी गावात खाली मान घालून चालायले. लोक मला वऱ्हाड उठवलेली बाई म्हणतेत. माझा भाऊ. माझ्या पाठचा भाऊ. त्याच्या हाताची चव नको झाली मला. नको नको ते बोलले मी त्याला. मीठ तूच जास्त टाकलं म्हणले. त्यानं चुलवण सोडलं. अन् तुमचे दात पडलते."

"मी लुगडं पाठवलं होतं," कौसाबाई हळूच म्हणाली.

"लुगड्यानं काय कळणार मला? लुगड्यात बोलता येतं का?"

"न्हाई. चुकलंच माझं ते." कौसाबाईनं नळ बंद केला. "आधी लाज वाटली म्हणून बोलले न्हाई. मग इतकं वाढलं की बोलायची भीती वाटली. इतक्याशा कारणापायी एवढं झालं म्हणल्यावर लोक मलाच जोड्यानं मारतील, असं वाटायचं."

दगडाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. राग होताच, पण आता तो कुणावर काढावा ते तिला नीट सुचेना. कौसाबाईवर काढावा तर ती समोर उभी होती, डोळ्यांत पाणी आणि पदराला पावाचा चुरा. भगवानरावांवर काढावा तर ते तिथं नव्हते. आणि लिंबाजीला जे बोलायचं ते तर ती स्वतःच बोलली होती. ते कुणी तिला बोलायला लावलं नव्हतं.

"चला," शेवटी ती म्हणाली. "पान टाकून आलोत. भाजी गार होईल."

दोघी परत आल्या तेव्हा भक्ती आणि महारुद्र फाशीची शिक्षा ऐकायला बसल्यासारखी बसली होती. आदिनाथ लांब उभा राहून बघत होता, आपल्या जेवणात काय कमी पडलं या काळजीनं. दगडाबाई बसली. तिनं पावाच्या तुकड्याचं वरचं कडक काढून स्वतःच्या ताटात ठेवलं आणि आतलं मऊ तेवढं कौसाबाईच्या ताटात ठेवलं. का ते तिनं सांगितलं नाही. कौसाबाईनं ते वांग्याच्या रसात बुडवून खाल्लं. महारुद्रनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेव्हा भक्तीनं त्याच्या पायावर पाय दिला.

गोड म्हणून आदिनाथनं साखरेच्या पाकात शिजवलेला पेरू आणला, पातळ खुसखुशीत पोळीवर मांडलेला.

"बिया काढल्यात का पेरूच्या?" दगडाबाईनं विचारलं.

"सगळ्या काढल्यात मावशी."

"मग ठेवा."

पेरू खाऊन झाला. पुन्हा टेबल मोकळं झालं, कारण आता कॉफी यायची होती आणि तीही सावकाशच येणार होती. दगडाबाईनं पिशवीतून फोन काढला, लिंबाजीचा नंबर लावला आणि फोन कौसाबाईपुढं धरला.

"माझ्या भावाला सांगा," ती म्हणाली. "पण दाताचं सांगू नका. पोटात कळ आलती म्हणा. तेवढं चालंल."

कौसाबाईनं फोन कानाला लावला. लिंबाजीचा आवाज मुळातच शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा, त्यामुळं तो सगळ्या टेबलाला ऐकू येत होता.

"हालो. कोण?"

"मी राणीसावरगावची कौसाबाई बोलायले. महारुद्रची आई."

मग लिंबाजी सावधपणे म्हणाला, "बोला."

"दादा, लग्नात मी पानावरनं उठले, ते तुमच्या जेवणामुळं न्हाई. माझ्या पोटात कळ आलती."

"कळ आलती?"

"हो."

"म्हंजी बालुशाहीनं कळ आली? तूप खराब होतं म्हणता का? तूप मी मानवतहून आणलतं, ताजं होतं. त्यानं कळ यायचं कारण न्हाई."

"न्हाई दादा, बालुशाहीनं न्हाई."

"मग वरणानं?"

"वरण तर मी खाल्लंच न्हाई."

"मग कशानं? उगंच्या उगं कळ कशी यील? तुमी घास तर बालुशाहीचाच घेतलता. मी लांबनं बघत होतो."

कौसाबाईनं दगडाबाईकडं बघितलं. दगडाबाईनं हात हलवून खूण केली, काहीतरी सांगा. कौसाबाईनं डोळे मिटले, आणि मग ती अशा आवाजात बोलली की शेजारची टेबलंही गप्प झाली.

"दादा, माझी कवळी पडली होती. दात. नवे दात बसवलते, ते बालुशाहीत निसटले. बालुशाही लय नामी होती. दोष दातांचा होता. मी लाजंनं सांगितलं न्हाई. माझं चुकलं."

महारुद्र आईकडं तोंड उघडं टाकून बघत राहिला. भक्तीनं ओढणी तोंडाशी धरली. फोनमधून नुसती खरखर येत राहिली. दगडाबाईला वाटलं, आता हा फोन ठेवणार.

मग लिंबाजीनं घसा साफ केला. "कुठं बसवले म्हणला तुमी दात?"

"आधीचे गंगाखेडला बसवलते. ते बदलले. आता हे परभणीला."

"हे बरे बसलेत का?"

"तसे बरे हायेत. कडक पाव चालत न्हाई."

"पावाचं आपल्याला काय करायचं. भाकर चालती का?"

"चालती."

"मग तेवढा पत्ता दगडाबाईजवळ द्या," लिंबाजी म्हणाला. "माझेबी खालचे चार हालायलेत. लय दिवस झाले, जावं म्हणतो."

दगडाबाईनं फोन काढून घेतला. "लिंब्या," ती म्हणाली. सगळे आपल्याकडं बघतायत हे तिला दिसत होतं. "मी आल्यावर बोलते," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि मग एकदमच तिला हसू फुटलं. ते इतका वेळ दाबलेलं होतं की आवरेचना. कौसाबाईही हसली. हसताना तिनं खबरदारी म्हणून तोंडावर हात धरला, त्यावर दगडाबाई आणखीच हसली.

आदिनाथ कॉफी घेऊन आला तेव्हा त्यानं विचारलं, "जेवण कसं वाटलं मावशी?"

"बरं हाय," दगडाबाई डोळे पुसत म्हणाली. "तिखट न्हाई त्याला तुमी तरी काय करणार. पण लय वेळ लावता बाबा. पंगतीत एवढ्या वेळात दोन गावं जेवून उठतेत."

"तिकडं पुद्दुचेरीला असंच असतं," आदिनाथ म्हणाला. "लोक जेवता जेवता बोलत बसतेत."

"असू दे, असू दे," कौसाबाई म्हणाली आणि कॉफीचा कप पुढं ओढला.

बाहेर आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. शेजारचा गादीवाला रजया झटकत होता. आता दोघींचा नवाच वाद सुरू झाला. दगडाबाई म्हणाली, इहीनबाईंनी पेडगावला यावं. कौसाबाई म्हणाली, आधी तुमी राणीसावरगावला या, आमच्या मालकांच्या तोंडावर मला हे सगळं सांगायचंय, अन् तुमी समोर असल्याबिगर माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. दगडाबाई म्हणाली, पोरीची आई आधी कशी येईल, तुमी बोलवायला आल्याबिगर. कौसाबाई म्हणाली, मग मी आता बोलवायलेच की.

"असं रस्त्यावर बोलवतेत का?" दगडाबाई म्हणाली. "रीतसर घरी येऊन बोलवा."

कौसाबाईनं क्षणभर विचार केला. मग तिनं समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला, आत बसली आणि सरकून शेजारी जागा केली.

"चला," ती म्हणाली. "रीतसर येते. पेडगावची गाडी कुठं लागती?"

"आई, आत्ता?" महारुद्र म्हणाला. "अन् बाबाला काय सांगू?"

"सांग, तुझी आई इहिणीकडं मुक्कामाला गेली. मी आल्यावर बाकीचं मी सांगते."

दगडाबाई रिक्षात बसली. लेकीकडं बघून तिनं डोळे वटारले, कारण फसवून आणल्याचा हिशेब अजून व्हायचा होता, पण भक्ती इतकी खुशीत होती की तिला त्याचं काही वाटलं नाही. रिक्षा निघाली तशी दगडाबाईनं मान बाहेर काढली.

"भक्ती, मामाला फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, पाव्हणी यायली. दूध जरा जास्तीचं ठिव. अन् चुलवणाची कढई माळ्यावर हाय, ती खाली काढून ठिव म्हणावं."

रिक्षा स्टँडाच्या दिशेनं वळली, आणि आत कौसाबाई विचारत होती, की पेडगावात डुकरांसाठी बांधावर काय बांधतात.